दिवाणखान्याचा सेट

दोन पावलं मागे सरायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर उभा धरायचा आणि समोर जे काही असेल ते त्या अंगठ्याच्या आधाराने नीट न्याहाळायचं. मग डोळा उघडून एकच शब्द उच्चारायचा.

"सेट!"

असं करणारा माणूस बरीच वर्षं आमचा शेजारी होता. तुमच्याही गावात असा एखादा असेल, एकाच इंग्रजी शब्दावर आयुष्य काढणारा. कुणाचं सगळं 'टाइट' असतं, कुणाचं 'फिट', कुणाचं 'ओके'. आमच्या शेजाऱ्यांचं सगळं 'सेट' होतं आणि त्यांच्या बाबतीत त्याला निदान कारण तरी होतं. ते नाटकांचे सेट भाड्याने द्यायचे.

आमच्या गोव्यात पेडण्याकडे दिवाळी झाली की जत्रा आणि काले सुरू होतात, ते थेट शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत. नाटक झाल्याशिवाय जत्रा झाली असं कुणाला वाटतच नाही. एरवी ज्यांच्या तोंडून मराठीचं एक सरळ वाक्य निघत नाही, ती माणसं त्या दिवशी रंगमंचावर शुद्ध मराठीत रडतात, भांडतात आणि मरतात. या सगळ्यांना राजवाडा, जंगल, तुरुंग, देऊळ आणि सामाजिक नाटकासाठी दिवाणखाना पुरवायचं काम आमच्या शेजाऱ्यांचं. त्यांचं खरं आडनाव काय होतं ते बहुतेक फक्त मतदार यादीला माहीत असावं. गावाने त्यांना 'सेटकार' करून टाकलं होतं.

ते मूळचे सावंतवाडीकडचे. एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर सुतार म्हणून आले. ती कंपनी पेडण्यात मोडली, नट-नट्या आपापल्या घरी गेल्या आणि हे पडद्यांबरोबर मागे राहिले. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात घरी? तर म्हणाले, "बाईनू, माझ्या वाटेक डोळे लावन कोण बसलेला नाय. मगे गेलंय काय आणि रवलंय काय."

आमच्या घराला लागून काजूच्या बियांचं एक जुनं गोदाम होतं. त्यात त्यांचे सेट असायचे आणि त्या सेटांच्या मध्ये कुठेतरी ते असायचे.

मी लग्न होऊन डिचोलीहून पेडण्याला आले आणि इथल्या एका मराठी शाळेत शिकवू लागले. माझं लोखंडी कपाट माहेरून आलं, तेव्हा आमच्या ह्यांच्या मदतीला सेटकार आले. कपाट भिंतीला टेकवून झाल्यावर ते दोन पावलं मागे सरले, डोळा मिटला, अंगठा वर केला. सासरच्या पहिल्याच आठवड्यात एक परका पुरुष आपल्या कपाटाला डोळा मारताना पाहून मला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

"सेट!" ते म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

हळूहळू मला त्या शब्दाची सवय झाली. दही लागलं की सेट. गेलेली वीज आली की सेट. पाळण्यातलं मूल झोपलं की आवाज न करता, फक्त ओठ हलवून, सेट. निवडणुकीत कोण पंच होणार हे ठरलं की सेट. सासूबाईंचं आणि माझं भांडण मिटून आम्ही दोघी एका पाटावर भाजी चिरायला बसलो की खिडकीतून डोकावून सेट. समोरचे आजोबा वारले, तेव्हा तिरडी बांधून झाल्यावर माणसं क्षणभर गप्प उभी होती. सेटकार मागे सरले, अंगठा वर गेला आणि त्यांच्या तोंडून हलकेच निघून गेलं, "सेट." आजोबांच्या थोरल्या मुलाला रडता रडता हसू आलं. कुणी रागावलं नाही. खरं सांगायचं तर त्या एका शब्दाने सगळ्यांनाच आता निघायला हवं हे कळलं.

शाळेत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. त्यात मी एकदा सहज हा शब्द काढला, तर पानं उलटली तरी संपेना. घरी येऊन सेटकारांना सांगितलं की तुमच्या शब्दाला ढीगभर अर्थ आहेत, सूर्य बुडतो त्यालाही तोच शब्द, हाड बसवतात त्यालाही तोच आणि कपबश्यांनाही तोच. त्यांना फार आनंद झाला.

"म्हणजे माझा काय चुकत नाय!"

"चुकत नाही, पण दुसरे शब्दही आहेत जगात," मी म्हटलं.

"आसतीत. तुमी शाळेत वापरा."

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादाचे ते दिवस होते. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसगाड्या बंद व्हायच्या, एकाच घरात दोन भाऊ एकमेकांशी अबोला धरायचे आणि तोही कोकणीतच. मी मराठी शाळेतली बाई, त्यामुळे मलाही लोक बाजारात थांबवून जाब विचारत. त्या धामधुमीत सेटकारांचा टेम्पो राजवाड्याचा सेट घेऊन परत येताना मधेच अडकला. रस्ता अडवणारी माणसं आली आणि त्यांनी दरडावून विचारलं, "तूं मराठीवालो काय कोकणीवालो?"

"मी सेटवालो," सेटकार म्हणाले.

आता यावर मारायचं की सोडायचं हे त्या लोकांना कळेना. दुपार तापलेली, झाड हलवायला माणसं यायला वेळ. शेवटी टेम्पोतलं सिंहासन खाली उतरवलं गेलं आणि अडवणाऱ्यांचा म्होरक्या त्यावर बसून विडी ओढत राहिला. सेटकारांनी त्याच्या डोक्यावर छत्रही धरलं म्हणे. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा छत्राचं तुम्ही तुमचं ठरवा.

पुढे गोवा घटक राज्य झालं. आमच्या शाळेने समारंभ करायचा ठरवला आणि व्यासपीठ सजवायला सेटकारांना ऐनवेळी सांगितलं. राजवाडा रंगवायला काढलेला, देवळाला वाळवी, जंगल कुठेतरी दिलेलं. राहिला तुरुंग. तर आमच्या मुख्याध्यापकांनी आणि सगळ्या पाहुण्यांनी गजांसमोर बसून स्वातंत्र्य आणि स्वाभिमान यांवर भाषणं केली. गजांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, पण ते होते गजच. मी सेटकारांना बाजूला घेऊन झापलं. त्यांनी अंगठ्याआडून एकवार सगळे पाहुणे बघून घेतले.

"भाषणा करणाऱ्यांका ह्योच सेट शोभता, बाईनू."

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, मोठा मजेचा माणूस. होताच. पण पावसाळ्यात तो कसा राहत होता हे तुम्हाला सांगितल्याशिवाय तुम्हाला तो कळणार नाही.

नाटकातली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून रंगवलेलं कापड. तिला फ्लॅट म्हणतात. हे फ्लॅट पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवले तर आमच्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते आणि कापड कुजतं. म्हणून मिरग लागला की सेटकार ते उभे करायचे. जागा होती एकाच सेटापुरती. राजवाडा, तुरुंग वगैरे मंडळी कडेला कशीबशी उभी राहायची आणि मधोमध रीतसर मांडला जायचा तो दिवाणखाना. पिवळसर भिंती, त्यांवर रंगवलेली वेलबुट्टी, एक खरोखर उघडणारा दरवाजा आणि एक खिडकी. ती खिडकी मात्र रंगवलेली. तिच्यात निळं आभाळ, खाली समुद्र आणि एका बाजूला माड. पुढे नाटकातला सोफा, नाटकातलं मेज, नाटकातली फुलदाणी.

पावसाचे चार महिने सेटकार त्या दिवाणखान्यात राहायचे. मला वाटतं, वर्षातले तेवढेच महिने ते कुठेतरी राहत होते, बाकीचे महिने नुसते असायचे. संध्याकाळी कंदील लावून सोफ्याच्या एका टोकाला बसायचे. दुसरं टोक रिकामं ठेवायचे. आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून ते दिसत आणि खोटं कशाला बोलू, मी बघत असे. हातात कप घेऊन रंगवलेल्या समुद्राकडे तोंड करून बसलेला तो माणूस पाहिला की मला आपल्या भरल्या घराचा, सासूबाईंच्या कटकटीसकट, आधार वाटे.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. जगातल्या कशालाही 'सेट' म्हणणाऱ्या या माणसाने स्वतःबद्दल तो शब्द कधी वापरला नाही. बाजारात लोक चेष्टेने विचारत, "सेटकारांनु, तुमी कधी सेट जातले?" तेव्हा ते हसायचे आणि पावाची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घ्यायचे.

आमच्या ह्यांना जवळच्या तुयेच्या कारखान्यात नोकरी होती. त्यांच्या विभागात एक बाई होती, डिचोलीकडच्या लाटंबार्शाची. वय तिशीच्या पुढे गेलेलं. आईवडील नव्हते, नोकरीसाठी तुयेला मामाकडे राहत होती. दिसायला साधी, कामाला चोख. सेटकारांसाठी हे स्थळ ह्यांच्या डोक्यात आलं आणि मी ते उचलून धरलं. सेटकारही चाळिशी गाठत आले होते. मी विषय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "विचारून बघा."

मामाने नाही म्हटलं नाही. पण म्हणाला, आधी घर बघणार. आता यात त्याचं काही चुकत नव्हतं. मुलगी द्यायची तर घर बघायला येतातच. पण सेटकारांकडे घर कुठे होतं?

"आमच्या घरी बसवू त्यांना," मी म्हटलं. "गोदामाचं नंतर सांगू."

सेटकारांनी मान हलवली. "नको. मी रवतंय तय येवंदेत."

"अहो, ते नाटकाचं घर आहे. त्यांना वाटेल फसवलं."

"फसवूक नाय, बाईनू. मी खराच तय रवतंय. चार महिने माझा घर ताच आसता. उगीच तुमचा घर दाखवलंय तर ती फसवणूक."

श्रावणातला दिवस ठरला. सेटकारांनी भिंतींवर पुन्हा हात फिरवला, सोफ्याचं कापड बदललं, बाजारातून कपबश्यांचा नवा कोरा सेट आणला. आणि माझ्याकडे पडदे मागितले. खिडकीला लावायला. रंगवलेल्या खिडकीला माझे खरे पडदे लागले, तेव्हा मी सुद्धा क्षणभर फसले. बाहेर समुद्र आहे असंच वाटलं. सेटकार मागे सरले, डोळा मिटला, अंगठा धरला. बराच वेळ बघत राहिले, पण बोलले काहीच नाहीत.

मामा आला तो पान चघळतच. जाडजूड, मानी, आवाजाने अर्धी बोलणी जिंकणारा माणूस. मागे ती. मुलीने स्वतः घर बघायला यायची तेव्हा रीत नव्हती, पण ती आली होती. गोदामाचं मोठं दार ओलांडून ते थेट दिवाणखान्यात शिरले. आत उजेड बेताचा. मामा सोफ्यावर ऐसपैस बसला. कौलांच्या फटीतून वारा येत होता, माझे पडदे हलत होते.

"घर बरें आसा," मामा म्हणाला. "जनेलांतल्यान वारोय बरो येता."

खिडकीतून वारा! मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. सेटकारांनी तोंड उघडलं होतं, ते सांगणारच होते. मी शपथेवर सांगते, ते सगळं सांगणारच होते, म्हणूनच तर त्यांनी त्यांना तिथे बोलावलं होतं. पण मामाचं तोंड पानाने भरलं होतं. तो उठला, तरातरा खिडकीपाशी गेला, पडदा बाजूला केला आणि बाहेर समुद्राच्या दिशेने जोरात पिचकारी मारली.

ढब्ब असा आवाज झाला. भिंत हलली. निळ्या आभाळाच्या मधोमध एक लालभडक गोळा उमटला आणि त्याचे दोन ओघळ माडावरून खाली आले.

मामा तसाच उभा, हातात माझा पडदा. त्याने बोटाने आभाळ चाचपून पाहिलं.

आणि ती हसली. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून, पोट धरून हसली. त्या गोदामात मी कधी असा आवाज ऐकला नव्हता. पत्र्याच्या डब्यातून बिया ओताव्यात तसं ते हसू सगळीकडे घरंगळत गेलं. सेटकार तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं, की त्यांचा अंगठा जागचा हलला नाही.

मामाचा अपमान झाला होता आणि तो त्याने स्वतःच केला होता, म्हणून तर तो अधिकच भडकला. "भिंत नाय, जनेल नाय, अशा घरांत आमची चली दिवंची?" असं ओरडत तो तिला दंडाला धरून घेऊन गेला. महिनाभरात त्याने तिची नोकरी सोडवली आणि तिला लाटंबार्शाच्या घरी परत पाठवलं. ह्यांना कारखान्यात तिची रिकामी जागा तेवढी दिसली.

मी सेटकारांना म्हटलं, लाटंबार्शाला जा, तिला एकदा सरळ विचारा. त्यांनी फडक्याने मेज पुसलं, पुन्हा पुसलं.

"ती हसली ना, बाईनू. ती मामाक हसली काय माका हसली, ता कळाक होया होता."

"तुम्हाला कशाला हसेल?"

"कापडाच्या घरात रवणाऱ्याक कोण हसाचा नाय?"

विषय तिथेच मिटला. दर वर्षी शिगमा झाला की सेटकार सगळा दिवाणखाना नव्याने रंगवायचे. त्यानंतरच्या शिगम्यालाही भिंती रंगवल्या, समुद्र रंगवला, माडावरचे ओघळ पुसले. तो लाल गोळा मात्र ठेवला. पुढच्या वर्षी तो काळपटला, तर त्यांनी लाल रंग घेऊन त्याच जागी, तेवढ्याच आकाराचा पुन्हा काढला. कुणी विचारलं तर म्हणत, सूर्य आहे. मग काय, पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक सामाजिक नाटकाच्या खिडकीत सूर्य मावळू लागला. सकाळचा प्रवेश असला तरी तो मावळतच असे. एका नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी त्याची खास तारीफ केली. कुटुंबाच्या ऱ्हासाचं सूचक चित्रण वगैरे म्हणाले. सेटकारांना बक्षीस मिळालं. ते बक्षीस घरी आणून त्यांनी मेजावर ठेवलं आणि मी आणि ते इतके हसलो की सासूबाई धावत आल्या. हसता हसता ते एकदम थांबले आणि कंदिलाची काच पुसायला लागले.

इतर गावांना ते हाताखालची माणसं पाठवत. लाटंबार्शाला मात्र स्वतः जात. दर वर्षी, न चुकता. परत आले की मी विचारी, दिसली का?

"मागे रवणाऱ्याक पुढचा काय दिसता, बाईनू? आमका कापडाची पाठ." म्हणायचे आणि आत जायचे.

मला याचा राग यायचा. इतका शहाणा माणूस, एकदा पुढे जाऊन उभं राहायला काय होतं? पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि काहींना पडद्यामागची सोडता येत नाही. मी खूप वेळा त्यांना रागाने बोलले आहे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चाय ठेवतंय. बसा." मी बसत नसे. सोफ्याचं ते दुसरं टोक माझ्यासाठी ठेवलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. गावात टीव्ही आले, मंडळं कमी झाली, राजवाडा आणि जंगल विकलं गेलं. दिवाणखाना राहिला. तोही पुढे पुढे लाटंबार्शापुरताच बाहेर पडे.

चतुर्थीला थोडे दिवस राहिले होते. माझी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची, फळाफुलांची गडबड चालली होती. सकाळी पोदेर पाव घेऊन आला आणि गोदामाच्या दाराशी भोंपू वाजवत राहिला. एरवी पहिल्या भोंपूला सेटकार बाहेर येत. मी बघायला गेले. ते सोफ्याच्या त्यांच्या टोकाला बसले होते, खिडकीकडे तोंड करून. चहा निवला होता. चेहरा इतका शांत होता की मी दोनदा हाक मारली.

त्या दिवशी दिवाणखान्यात माणसं मावत नव्हती. सगळं पेडणे लोटलं होतं. सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे लोक टेकले होते. मला राहून राहून वाटत होतं की हे सगळे कालपर्यंत कुठे होते? मी सुद्धा पहिल्यांदाच त्या सोफ्यावर बसले आणि मला रडू आवरेना.

तिरडी बांधून झाली. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. माणसं उचलायला पुढे होईनात. सगळी उभी राहिली, गप्प, कशाची तरी वाट बघत. आपण कशाची वाट बघतोय हे बहुतेक एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं असावं, कारण दोघंतिघं एकाच वेळी तोंड फिरवून डोळे पुसू लागले. शेवटी आमचे हे म्हणाले, "चला." नाटकातल्या दरवाज्यातून तिरडी वळेना, म्हणून एकाने दिवाणखान्याची समोरची भिंत उचलून बाजूला ठेवली. भिंत ती केवढी, दोन हातांनी उचलली गेली. त्यांना बाहेर नेल्यावर ह्यांनी ती पुन्हा होती तशी लावली.

सावंतवाडीकडून एक लांबचा पुतण्या आला. बाराव्याला त्याने सगळं रीतीने केलं. सेट डिचोलीच्या एका कंत्राटदाराला द्यायचे ठरले, दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. त्या दुपारी एक बाई आमच्या दारात आली. केस पांढरे, हातात छत्री, पायांत रबरी चपला. मी ओळखलं नाही. तिने गोदामाकडे बोट केलं आणि थोडंसं हसली, तेव्हा ओळखलं.

लाटंबार्शाच्या नाटक मंडळाने यंदाच्या जत्रेसाठी निरोप धाडला होता, तेव्हा तिथे कळलं म्हणे. मी तिला आत नेलं. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिथेच बसली. मी त्या कपबश्यांच्या सेटातला एक कप काढून चहा दिला. बाकीचे सगळे कप कागदात गुंडाळलेले, अजून कोरे होते.

"लग्न?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

मग मीच म्हटलं, "त्यांना शेवटपर्यंत वाटलं, तुम्ही त्यांनाच हसलात."

तिचा कप ओठांपाशीच थांबला. "मामाक आमच्या घरांत कोण हासना," ती म्हणाली. "ल्हानपणापसून हांव त्याका भियेत आयलीं. त्या दिसा पयलेच खेपे हासलीं. म्हाका दिसलें, ह्या घरांत हासूंक जाता. घरा पावचे पयलीं हांवें मामाक सांगलें, म्हाका मान्य आसा म्हूण. ताणें आयकलें ना."

"या घरात हसता येतं असं तुम्हाला वाटलं, हे सेटकारांना कुणी सांगितलं?"

"कोणेंच ना. हांव दर वर्सा नाटकाक पयले वळींत बसतालीं. सूर्य बघूंक. म्हाका दिसतालें, एक दीस ते तो पुसतले. त्यांणी पुसलो ना." थोडं थांबून ती म्हणाली, "ते मागें आसताले?"

"मागेच असायचे," मी म्हटलं. एका कापडाच्या अल्याडपल्याड दोन माणसं वर्षानुवर्षं बसली होती आणि ते कापड माझ्यासमोर उभं होतं.

जाताना तिने विचारलं, "तें जनेल म्हाका मेळत?"

खिडकीची चौकट भिंतीतून वेगळी निघत असे. पुतण्याला त्याचं काहीच नव्हतं, त्याने कड्या काढून ती तिच्या हातात दिली. मी तिला बजावलं, आडवी ठेवू नका, कुजते. ती म्हापशाच्या बसपाशी गेली तेव्हा मीही बरोबर होते. कंडक्टर ती चौकट वर टाकायला निघाला, तर ती ओरडली, "आडवें घालूं नाका!" त्याने ती बसच्या टपावर उभी करून दोरीने बांधली. बस वळणावर गेली तोपर्यंत तो लाल गोळा आणि त्याच्याखालचा समुद्र दिसत होता.

मी गोदाम बंद करायला परत आले. पुतण्याने सामान काढायला मागचं दार उघडं टाकलं होतं. भिंतीत खिडकीच्या जागी चौकोनी भोक राहिलं होतं आणि त्यातून परसातला फणस दिसत होता. चांगला वारा येत होता. सोफ्यावर तिचा अर्धा प्यायलेला कप होता. तो मी उचलला, विसळला आणि बाकीच्या कपांबरोबर कागदात गुंडाळून ठेवला.